हेडचा नट नुसताच फिरतोय? जुन्या स्कूटरवाल्यांसाठी

गणपतीला आठ दिवस उरले की रत्नागिरीच्या मांडवीत ठरलेलं दृश्य दिसतं. पडवीतली ताडपत्री निघते, तिच्याखालची चेतक नाहीतर सुपर अंगणात येते. किका मारून पाय भरून आल्यावर ती एकदाची सुरू होते आणि हेडच्या कडेने फसफस ऐकू येते. मग घरातलं कोणीतरी पाना घेऊन नट आवळायला बसतं. तीन नट आवळले जातात. चौथा फिरतो आणि फिरतच राहतो.

पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. क्रँककेस बदलायला सांगितली आहे, बदलू का? हेलीकॉइल म्हणजे काय, बुश मारला तर टिकेल का, नुसतं एम-सील भरून चालणार नाही का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकतो: नाही. बाकीच्यांसाठी हा लेख. उदाहरणाला दोन स्ट्रोकची चेतक घेतली आहे, कारण रत्नागिरीत पडव्यांमध्ये जपून ठेवलेल्या स्कूटर बहुतेक त्याच आहेत. पद्धत मात्र लँब्रेटा, राजदूत, आरएक्स-१०० अशा हवेवर थंड होणाऱ्या कुठल्याही जुन्या इंजिनाला लागू पडते. मापं तेवढी आपापली घ्या.

आटे नेमके कुठले गेलेत?

"आटे गेले" एवढ्यावर कोणालाही काम देऊ नका. चार वेगवेगळ्या बिघाडांना हे एकच नाव दिलं जातं आणि चारही बिघाडांचा खर्च निराळा असतो.

- नटाचे आटे गेले असतील तर नट काढून शेजारच्या स्टडवर लावून बघा. तिथेही घसरला तर नट बदला, काम संपलं.
- स्टडच्या वरच्या टोकाचे आटे चपटे झाले असतील तर नवा नटही त्याच स्टडवर घसरतो. स्टड बदलला की झालं.
- स्टड ताणला गेला असेल तर आट्यांजवळ तो मधेच बारीक झालेला दिसतो. तोही बदलायचाच.
- नटाबरोबर स्टडही फिरत असेल किंवा स्टड वर उचलला जात असेल, तर केसमधले आटे गेले. खरं दुखणं हे.

चौथा प्रकार ओळखायची सोपी खूण आहे. नट काढा आणि चारही स्टड हेडच्या वर किती आले आहेत ते पट्टीने मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच असेल तर तो खालून उपटून आला आहे. तो हाताने फिरवून बाहेर आला आणि त्याच्या खालच्या आट्यांत चांदीसारखी गुंडाळी अडकलेली दिसली, तर शंकेला जागा नाही. ती गुंडाळी म्हणजे केसचे आटे. ती फेकू नका, ती कशी आली आहे त्यावरून आत किती शिल्लक आहे ते कळतं. गुंडाळी लहान असेल आणि स्टडच्या खालच्या आट्यांच्या वरच्या अर्ध्या भागावरच असेल, तर खोलातले आटे धड असण्याची आशा आहे.

हे होतं कशाने?

चेतकचा सिलेंडर बिडाचा, हेड अल्युमिनियमचं, केस अल्युमिनियमची आणि स्टड पोलादाचे. तापल्यावर अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन जितकं जास्त तापेल तितकं हेड स्टडला वर ओढतं आणि तो ताण शेवटी केसमधल्या मऊ आट्यांवर येतो. म्हणून फिनांत चिखल बसलेली, किंवा हवा वळवणारा टोप काढून फिरवलेली स्कूटर आटे लवकर घालवते. "टोप नसला तर हवा जास्त लागते" हा समज चुकीचा आहे. मॅग्नेटच्या पंख्याची हवा त्या टोपामुळेच सिलेंडरभोवती फिरते.

मांडवीत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. पोलाद आणि अल्युमिनियम यांच्या मधे खारट ओल शिरली की अल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड होते. गाडी चालती असेल तर इंजिनाच्या उष्णतेने ही ओल सुकते. जेटीजवळच्या घरात वर्षभर ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी मात्र आतून पोखरली जात राहते. ताडपत्री पाऊस अडवते, दमट हवा कोंडून ठेवते.

तिसरं कारण म्हणजे आपला हात. चेतकच्या घराण्यातल्या इंजिनांना हेडचे नट अकराच्या पान्याचे, स्टड ७ मिलिमीटरचे. मूळ व्हेस्पा १५० च्या आवळणीचं माप साधारण १.३ ते १.८ किलोग्रॅम-मीटर. सोप्या शब्दांत, १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला की १.५ भरतात. त्याच पान्यावर पाइप घालून लांबी ४५ सेंटिमीटर केली आणि जोर तोच ठेवला तर ४.५ होतात. "चांगलं टाइट करा" म्हणून गिऱ्हाईक सांगतं, मेकॅनिक ऐकतो आणि आटे जातात.

स्टड काढताना

गेलेला स्टड सहसा हाताने येतो. शेजारचे तीन काढायचे नसतील तर त्यांना हात लावू नका. "आलोच आहोत तर चारही बदलू" ही हौस जाम स्टडच्या बाबतीत महागात पडते. काढणं भागच असेल तर स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट करून खालच्या नटाला पाना लावा. आधी गंज सोडवणारं तेल टाकून एक रात्र जाऊ द्या. तरी हलला नाही तर स्टडला नव्हे, त्याच्या भोवतीच्या केसला गरम हवेने तापवा. अल्युमिनियम जास्त फुगतं, पकड सैल होते. गॅसची ज्योत लावणार असाल तर इंजिन गाडीतून उतरवून, पेट्रोलपासून दूर नेऊनच.

स्टड केसच्या तोंडाशी तुटला तर घरी ड्रिल घेऊन बसू नका. पोलादावर सुरू केलेलं ड्रिल कडेच्या अल्युमिनियमकडे सरकतं आणि भोक तिरपं होतं. तुटक्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणारे कारागीर असतात. वेल्डिंगची उष्णता आणि नटाची पकड दोन्ही कामाला येतात. पोलादाचं वेल्डिंग अल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हा उपाय वाटतो त्यापेक्षा सुरक्षित आहे.

दुरुस्तीचे पर्याय, आणि प्रत्येकाने किती धातू खर्च होतो

गॅरेजमध्ये पर्याय सांगतात ते "पक्कं" आणि "कच्चं" या दोनच शब्दांत. मी ते भोकाच्या मापाने बघतो. स्टड बसतो त्या केसच्या कानात धातू मोजकाच आहे. आज जी दुरुस्ती कराल ती पुन्हा गेली तर उद्या करायला काही उरलं पाहिजे. म्हणून कमीत कमी धातू काढणारा उपाय आधी.

लांब स्टड. बारीक काडी घालून भोकाची खोली मोजा. जुना स्टड जिथपर्यंत जात होता त्याच्या खाली चांगले आटे असतील, किंवा टॅप मारून स्टडच्या व्यासाच्या दीडपट लांबीचे आटे पाडता येतील एवढं भोक असेल, तर खालून लांब असा नवा स्टड बसवा. धातू जवळजवळ काहीच जात नाही. हा उपाय कोणी सुचवत नाही, तुम्ही विचारा. भोक आरपार आहे का ते आधी बघा. आरपार असेल तर स्टडच्या आट्यांना सीलंट लागेल, नाहीतर दोन स्ट्रोकच्या इंजिनात तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो.

पायरीचा स्टड. खाली ८ मिलिमीटर, वर ७ मिलिमीटर. चेतकसाठी माझी पहिली पसंती हीच. ८ च्या नेहमीच्या १.२५ च्या आट्यांसाठी ड्रिल ६.८ चं लागतं. ७ चे आटे गेलेलं भोक आधीच जवळपास तेवढं असतं. म्हणजे ड्रिल फारसं कापतच नाही, नुसतं भोक साफ करतं. मूळ हेड, मूळ सिलेंडर, मूळ नट सगळं तसंच राहतं. उद्या हेही आटे गेले तर त्याच जागी ८ चं हेलीकॉइल बसू शकतं.

हेलीकॉइल. शंकरपाळीच्या आकाराचा छेद असलेल्या स्टेनलेस तारेची स्प्रिंग. भोक थोडं मोठं करून तिच्या खास टॅपने आटे पाडायचे आणि ती आत फिरवून बसवायची. ७ मिलिमीटरच्या हेलीकॉइलला बाहेरचे आटे साधारण ८.३ मिलिमीटरचे होतात. मूळ मापाचा स्टड वापरता येतो आणि पोलादाचा ताण मोठ्या घेरावर पसरतो, त्यामुळे नव्या अल्युमिनियमपेक्षाही पकड चांगली मिळते. अडचण एवढीच की ७ चं किट सहज मिळत नाही. ६, ८ आणि १० ची मिळतात. "सातचं नाही, आठचं बसवतो" असं कोणी म्हणालं तर वरचं टोक ७ चं ठेवणारा पायरीचा स्टड त्यासाठीही बनवावा लागेल, हे लक्षात ठेवा.

भरीव बुश. बाहेरून १० किंवा १२ चे आटे, आत ७ चे. टर्नरला हा करायला सोपा आणि बसला तर दणकट. पण कानाची भिंत पातळ होते. भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत धातू किती आहे ते बघितल्याशिवाय होकार देऊ नका. आधीची दुरुस्ती फसलेल्या भोकासाठीच मी हा ठेवतो.

आर्गन वेल्डिंग. भोक भरून घेऊन नव्याने पाडायचं. यासाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं, बेअरिंगं आणि सील काढावी लागतात. वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या अल्युमिनियममध्ये वेल्डिंगला बुडबुडे धरतात. वेल्डिंगनंतर सिलेंडर बसतो तो पृष्ठभाग मशिनवर सपाट करावाच लागतो. कान फुटला असेल तर दुसरा इलाज नाही. नुसते आटे गेले असतील तर हा उपाय म्हणजे फोडाला शस्त्रक्रिया.

अॅरल्डाइट, एम-सील, टेफ्लॉन टेप, भोकात घातलेली वायरची बारीक तार, पत्र्याची पट्टी: तारेवर एखादी स्कूटर घरापर्यंत येते, हे खरं. त्यापुढे नाही. चिकटवलेला माल तापल्यावर मऊ पडतो, आणि नंतर खरं काम करणाऱ्याला आधी तो खरवडून काढावा लागतो.

भोक आणि टॅप: सगळं काम इथेच बिघडतं

माझा स्वतःचा पहिला पायरीचा स्टड तिरपा बसला होता. हातातल्या ड्रिलने, डोळ्याच्या अंदाजाने. सिलेंडर खाली उतरेना, मग स्टड हातोडीने "सरळ" केला. आठ दिवसांत पुन्हा फसफस. सात सेंटिमीटर उंचीवर अर्धा मिलिमीटर तिरपेपणासुद्धा सिलेंडरच्या भोकात अडकतो, हे तेव्हा कळलं.

काम तुम्ही करा की करवून घ्या, पुढच्या गोष्टी झाल्याच पाहिजेत.

१. सिलेंडर आणि पिस्टन काढून क्रँककेसचं तोंड आणि शेजारच्या वाटा स्वच्छ फडक्याने घट्ट बंद करा. अल्युमिनियमचा एक कीस क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला तर हेडचं काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं.

२. शक्य असेल तर केस उभ्या ड्रिल मशिनवर धरा. नसेल तर दहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीत टर्नरकडून चारही स्टडच्या मापाची भोकं पाडून घ्या, ती पट्टी शिल्लक तीन स्टडवर बसवा आणि चौथ्या भोकातून ड्रिल सोडा. ड्रिल आपोआप सरळ जातं. या पट्टीचा खर्च घाईत नकोसा वाटतो, पण मी तिच्याशिवाय काम देणार नाही.

३. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा.

४. टॅप तीन नगांचा घ्या. पहिला निमुळता, मग दुसरा, शेवटी बुडापर्यंत जाणारा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अल्युमिनियमला थोडं रॉकेल लावलं तर आटे फाटत नाहीत. टॅप जड जायला लागला की बाहेर काढून कीस झटका. आत तुटलेला टॅप काढणं गेलेल्या स्टडपेक्षा कितीतरी कठीण असतं.

५. भोकाच्या तोंडाला हलकी खाच द्या. नाहीतर पहिला आटा ताणाने वर उचलला जातो, केसवर उंचवटा येतो आणि खालचं गॅसकेट गळतं.

६. स्टड आट्यांत किती शिरतो ते मोजा. अल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट तरी हवं, म्हणजे ८ च्या स्टडला किमान १२ मिलिमीटर. दुप्पट मिळालं तर उत्तम.

७. पायरीच्या स्टडचा जाड भाग केसच्या पृष्ठभागाच्या किंचित खालीच संपला पाहिजे. वर आला तर सिलेंडर बसत नाही. हेलीकॉइलही पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवा आणि तिची खालची शेपटी तोडून बाहेर काढायला विसरू नका.

स्टड कशाचा बनवला हे टर्नरला विचारा. साध्या सळईचा चालत नाही, तो ताणला जातो. एन-८ किंवा त्याहून चांगलं पोलाद मागा, आणि जाड भागातून बारीक भागात जाताना कोपरा काटकोनी न ठेवता गोलाई ठेवायला सांगा. काटकोनातच तो तुटतो.

लेथचं काम मिरजोळ्याच्या एमआयडीसीत होऊ शकतं. आर्गन आणि मशिनिंग दोन्ही एकाच ठिकाणी हवं असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाणं वावगं नाही. स्टड, गॅसकेट, टोप यांसाठी पुण्याची नाना पेठ. कुठेही केस पाठवताना सिलेंडरही सोबत द्या. स्टड सिलेंडरमधून जातोय का, ते त्यांनी तिथेच बघितलं पाहिजे.

बसवताना

स्टड केसमध्ये पाइप लावून पिळू नका. आटे पुसून कोरडे करा, जास्त पकडीचं लॉकिंग द्रव लावा, स्टड हाताने शेवटपर्यंत बसवा आणि एक रात्र सोडा. हेड काचेवर ठेवून सपाट आहे का बघा. एक स्टड ढिला असताना चालवलेलं हेड त्या बाजूला वाकलेलं असू शकतं, आणि वाकलेल्या हेडवर चांगले आटेही हरतात.

नट समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क पाना उसना मिळाला तर आणा. आपल्या मॉडेलचं माप पुस्तिकेतून घ्या. ऐकीव आकड्यावर, अगदी या लेखातल्याही, विसंबू नका. इंजिन एकदा गरम करून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा त्याच मापाने तपासा. गरम इंजिनावर नट आवळायचे नाहीत. टोप लावल्याशिवाय मांडवीच्या नाक्यापर्यंतसुद्धा चक्कर मारू नका.

"केसच बदलू" असं सांगितलं तर

इथे बरेच जण फसतात. मिस्त्री फसवतो असं नाही, पुढचा विचार कोणी करत नाही. चेतकचा इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. केस बदलली की गाडीचा इंजिन नंबर बदलला. नोंदणीची १५ वर्षं पूर्ण झालेली खाजगी गाडी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवावी लागते, आणि त्या तपासणीत आरसी बुकावरचा नंबर इंजिनाशी ताडून बघतात. नंबर जुळला नाही तर एमएच-०८ ची तुमची तीस वर्षांची गाडी तिथेच अडकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओत कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. म्हणून भंगारातून केस घेताना तिच्या मूळ गाडीची कागदपत्रं आणि विक्रीची पावती मागा. ती मिळत नसतील तर केस घेऊ नका, ती चोरीच्या गाडीची असू शकते. जुना नंबर नव्या केसवर ठोकून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे आणि अडकणार गाडीचा मालक. केसचे दोन-तीन कान फुटलेले नसतील तर आपली मूळ केस दुरुस्त करून घेणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं.

काम देताना आणि काम बिघडलं तर

काम देण्याआधी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या: कोणती पद्धत वापरणार, भोकाचं नवं माप किती होणार, किती स्टड करणार, आणि जुने भाग परत देणार. शेवटचं मुद्दाम. काढलेला स्टड हाच तुमचा पुरावा. गाडी देण्यापूर्वी इंजिन नंबराचा आणि स्टडच्या भोकाचा फोटो काढा, काम झाल्यावर सिलेंडर बसवण्याआधीचा फोटोही मागा. चांगला कारागीर तो कौतुकाने पाठवतो.

बिल घ्याच. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवा आहे. तिरपं भोक पाडून केस फोडली, सांगितल्यापेक्षा निराळंच काम केलं, आणि दुकानदार दाद देत नाही, तर आधी लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे काम कोल्हापुरात किंवा पुण्यात बिघडलं तरी रत्नागिरीतच.

सायलेन्सर सिलेंडरला जिथे जोडतो तिथले किंवा प्लगचे आटे गेले असतील तर घाबरू नका. ती भोकं हेडमध्ये किंवा सिलेंडरवर असतात, तो भाग सुटा काढून मशिनवर धरता येतो आणि त्यावर इंजिन नंबर नसतो. प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे, त्याच्या हेलीकॉइलचं किट सहज मिळतं. फक्त हेड काढूनच बसवायला सांगा, नाहीतर कीस थेट पिस्टनवर पडतो.